काम करताना संगीत: सहावीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आजपासून नोंदी सुरू. प्रकल्प छोटा आहे. सहावीची मुलं आपापलं काम करत असताना वर्गात मागे हळू आवाजात संगीत लावलं तर काय होतं, हे सत्र संपेपर्यंत बघायचं. शिकवत असताना नाही, फक्त मुलं वहीत डोकं घालून बसतात त्या वेळात.

हे का करते आहे ते आधीच लिहून ठेवते. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्ग स्थिरावतच नाही. अर्धी मुलं मैदानावरच असतात, फक्त शरीरानं बाकावर आलेली. घरी वह्या तपासताना मी बासरी लावून बसते, मला बरं वाटतं, हात चालतो. मुलांचंही तसंच होईल अशी आशा आहे. पण मला बरं वाटतं म्हणून मुलांचं काम सुधारेल, असं मी न तपासताच धरून चालले आहे. ते तपासायचं.

नोंदवायचं ते साधं ठेवलं आहे. घंटा झाल्यापासून शेवटचं मूल लिहायला लागेपर्यंत किती मिनिटं गेली. किती काम झालं. त्यात चुका किती. आणि वर्गातला आवाज किती. आठवड्यातले काही दिवस संगीत, काही दिवस शांतता, आणि कामाचा प्रकार दोन्हीकडे सारखा. याला कुणी शास्त्रीय अभ्यास म्हणू नये. एका बाईंनी एका वर्गाकडे नीट लक्ष देणं, एवढंच हे आहे.

८ जुलै, मंगळवार

संगीत लावण्याआधी वर्ग ऐकला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मधल्या बाकावर फोन ठेवून डेसिबल बघितले. पंखे बंद असताना चाळिशीच्या आत, चालू केले की चाळिशीच्या बरंच वर. फोनचं ॲप प्रमाणित नसतं, त्यामुळे त्या आकड्यांवर माझा भरवसा नाही, दोन आकड्यांमधल्या फरकावर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. म्हणजे एकही मूल आत नसताना, एकही सूर लावला नसताना, आमच्या वर्गात वाव जवळजवळ उरलेलाच नाही. डेसिबलचं गणित फसवं असतं. दहाने वाढ झाली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचं काम आज पुन्हा आठवलं. अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये ते मांडलं. शाळेच्या एका बाजूला उन्नत रेल्वेचे रूळ होते. त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांची छतं आवाज शोषणारी केली, आणि १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नाही. संगीत म्हणजे रेल्वे नव्हे, हे मान्य. पण काम करणाऱ्या मुलाच्या कानावर मी आणखी एक आवाज घालणार आहे, ही जबाबदारी डोळ्यासमोर असलेली बरी.

१० जुलै, गुरुवार

शिक्षक खोलीत प्रकल्पाबद्दल बोलले. एक सहकारी लगेच म्हणाल्या, “मोझार्ट लावा हो, बुद्धी वाढते म्हणतात.” हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आज मूळ काम काय होतं ते काढून बसले.

१९९३ मध्ये फ्रान्सेस राऊशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन काय यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख छापला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी. त्यांनी दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा ऐकली आणि नंतर आकृत्यांची आणि कागदाच्या घड्यांची कोडी सोडवली. शांत बसलेल्या किंवा विश्रांतीच्या सूचना ऐकलेल्या वेळेपेक्षा गुण बरे आले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. लहान मुलं त्यात नव्हती. बुद्धी कायमची वाढते असा दावाही नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचं, संगीत कामाच्या आधी होतं, काम चालू असताना नव्हतं. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची सीडी पाठवायचा प्रस्ताव मांडला. एवढ्याशा प्रयोगावर केवढी इमारत!

नंतरची कामं मला जास्त उपयोगाची वाटली. १९९९ मध्ये नॅन्टे आणि शेलेनबर्ग यांनी मोझार्टच्या जागी एक गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतर चांगले गुण मिळाले. २००१ मध्ये थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी मोझार्टची उत्साही रचना आणि अल्बिनोनीची संथ, उदास रचना समोरासमोर ठेवली. उत्साहाचा आणि मनःस्थितीचा वाटा बाजूला काढला तर मोझार्टचा म्हणून वेगळा परिणाम राहिलाच नाही.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलं. संगीत बुद्धी देत नाही. ते मनाची स्थिती बदलू शकतं. मधल्या सुट्टीनंतर मला तेच हवं आहे.

१४ जुलै, सोमवार

पहिला दिवस. सतारीची संथ आलापी, शब्द नाहीत, तबला नाही. स्पीकर मागच्या कपाटावर. काम: विज्ञानाच्या धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरं.

झालं असं की सगळ्यांनी पेन खाली ठेवले आणि स्पीकरकडे वळून बघितलं. “बाई, हे काय आहे?” “बाई, कोण वाजवतंय?” काहींनी डोळे मिटले. काम थांबलंच.

एरिक सातीची गोष्ट अशीच आहे. १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात त्याने नाटकाच्या मध्यंतरात ‘फर्निचर संगीत’ वाजवलं. खुर्ची-टेबलासारखं नुसतं मागे असावं, कुणी लक्ष देऊ नये, असा त्याचा हेतू. पण सूर सुरू होताच लोक गप्प होऊन ऐकू लागले, आणि साती त्यांच्यात फिरून, बोला, चाला, ऐकू नका, असं विनवत राहिला. मुलांचं वागणं मला चुकीचं वाटलं नाही. चांगलं वाजत असेल तर माणूस ऐकणारच, त्यांनी ऐकावं असंच मलाही वाटतं. म्हणून आज दहा मिनिटं काम बाजूला ठेवून सगळ्यांनी मिळून सतार ऐकली. ऐकण्यासाठीचं संगीत आणि मागे ठेवण्यासाठीचं संगीत हे दोन वेगळे तास आहेत. दुसऱ्यासाठी पहिल्याचा बळी द्यायचा नाही, हे आजच लिहून ठेवते.

१८ जुलै, शुक्रवार

आठवडा झाला, नवलाई थोडी ओसरली. आता एक उलटी गोष्ट दिसते आहे. संगीत असताना कुजबुज वाढते. शांततेत एक शब्द बोलला तरी तो वर्गभर ऐकू जातो, म्हणून मूल स्वतःला आवरतं. संगीताच्या आडोशाला ते बोलतं. शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून थोडं मोठ्याने. मग पलीकडचं बाक आणखी मोठ्याने.

एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं होतं: भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. त्याचंच नाव त्या परिणामाला पडलं. वर्गातली मुलं आणि मी, दोघंही त्यात सापडलो. बुधवारी माझा घसा बसला होता आणि त्याचं कारण मला आज कळलं. पुढच्या आठवड्यापासून आवाज इतका कमी की शेवटच्या बाकावर जेमतेम पोचेल. आणि मला सूचना द्यायची असेल तर आधी संगीत बंद, मग बोलणं. संगीत चालू असताना बोलायचं नाही.

२२ जुलै, मंगळवार

“बाई, गाणं लावा ना, शब्दवालं.” ही मागणी आठवडाभर चालू होती. एक दिवस मान्य केली. मुलांनीच निवडलेली तीन गाणी, काम उताऱ्यावरचे प्रश्न.

मी फळ्याशी उभी राहून फक्त तोंडं बघितली. जवळजवळ प्रत्येकाचे ओठ गाण्याबरोबर हलत होते आणि डोळे उताऱ्यावर होते. एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा जाणारी बोटं दिसली. वह्या तपासताना एका उत्तरात गाण्यातला एक शब्द आलेला सापडला, वाक्याच्या मधोमध. तो तिथे कसा आला हे लिहिणाऱ्या मुलाला सांगता येईना. त्याला रागावायचं काहीच कारण नव्हतं.

आपण वाचतो तेव्हा मनातल्या मनात शब्द उच्चारतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या स्मृतीच्या आराखड्यात याला स्वतंत्र जागा आहे: आवाजाच्या रूपात थोडा वेळ गोष्टी धरून ठेवणारी, गिरवत राहणारी एक फिरती फीत. मुलांना मी हातच्याचं उदाहरण दिलं. बेरीज करताना हातचे तीन म्हणत तुम्ही पुढच्या घराकडे जाता, ते तीन कुठे ठेवता? बहुतेकांनी सांगितलं, “मनात म्हणत राहतो.” बरोबर. तेवढ्यात कुणी शेजारी आकडे बोलू लागलं तर? “मग चुकतो.” सालामे आणि बॅडली यांनी १९८२ मध्ये हेच दाखवलं. डोळ्यांनी वाचलेले आकडे लक्षात ठेवायचे असतात, कानावर पडणाऱ्या बोलण्याशी त्यांचा काही संबंध नसतो, ते ऐकू नका असं सांगितलेलं असतं, तरी आठवणीत चुका वाढतात. १९८९ मध्ये त्यांनी संगीताचं बघितलं. गायन असलेलं संगीत नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त बिघडवतं असं निघालं.

शब्दांचं काम चालू असताना शब्दांचं गाणं पुन्हा नाही.

२४ जुलै, गुरुवार

मुलांनी वाद सोडला नाही, आणि वाद चांगला होता. “बाई, आम्हाला कळतच नाही अशा भाषेतलं गाणं लावलं तर? शब्द कळलेच नाहीत तर ते मध्ये कसे येतील?” एका मुलीने काल विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, म्हणून तिला उद्या सांगते म्हटलं.

उत्तर जुनं आहे. कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये जर्मन न येणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवत अक्षरांच्या मालिका लक्षात ठेवायला सांगितल्या. चुका वाढल्याच. अर्थ कळो न कळो, बोलण्यासारखा आवाज आत शिरतो. २०१९ मध्ये थ्रेडगोल्ड आणि सहकाऱ्यांनी शब्दकोडी देऊन बघितलं: तीन शब्दांना जोडणारा चौथा शोधायचा. ओळखीच्या भाषेतलं गाणं, परक्या भाषेतलं गाणं, नुसती वाद्यं, या तिन्हींत शांततेपेक्षा कमी सुटली. वाचनालयातल्या साध्या हालचालीच्या आवाजाने मात्र फरक पडला नाही.

तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे वाद्यंसुद्धा नाहीत?” मला तिचा प्रश्न रात्रीपर्यंत पुरला.

२९ जुलै, मंगळवार

डिलन जोन्स आणि बिल मॅकन यांचं १९९३ चं काम वाचलं. त्यांचं म्हणणं असं की त्रास देतो तो बदलणारा आवाज. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू आलं तर फारसं बिघडत नाही. वेगवेगळी अक्षरं आली, किंवा नुसते वेगवेगळे स्वर आले, तर बिघडतं. मोठेपणाशी त्याचा फार संबंध नाही, बदलाशी आहे.

वाचताना तानपुऱ्याची आठवण झाली. तीच चार तारांची फेरी, आत सूक्ष्म हालचाल, पण मन ओढणारं नवं काही नाही. आज निबंधाच्या तासाला नुसता तानपुरा लावला, अगदी हळू. कुणी वळून बघितलं नाही. पाच मिनिटांनी तर मी विचारलं, “काही वाजतंय का?” तेव्हा दोघातिघांनी आधी नाही म्हटलं, मग कान देऊन हो म्हटलं. निबंध शांततेतल्या निबंधांइतकेच आले, ना बरे ना वाईट. पंख्याची घरघर मात्र मला स्वतःला कमी जाणवली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

वर्गात एक मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. अभ्यासात चांगली, बोलायला कमी. तिची आई आज भेटून गेली. मुलगी गेले काही दिवस घरी येते ती डोकं धरून, आणि शाळेत गाणं असतं तेव्हा मैत्रीण काय म्हणते ते कळत नाही, असं सांगते. आई तक्रार करत नव्हती, विचारत होती. मी जागेवरच माफी मागितली, आईची आधी आणि मग मुलीची.

मला हे माहीत असायला हवं होतं. श्रवणयंत्र सगळेच आवाज वाढवतं. बोलणं हवं आणि सतार नको, असं ते आपल्या कानामेंदूइतकं नीट निवडू शकत नाही. वर्गासाठी सांगितलेला नियम असा की बाईंचा आवाज मागच्या आवाजापेक्षा निदान १५ डेसिबलने वर असावा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना तो फरक सर्वांत जास्त लागतो. शाळेतली भाषा ज्यांच्या घरची नाही त्यांनाही लागतो, आणि सगळ्याच लहान मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त लागतो, कारण गोंगाटातून अर्धवट ऐकलेला शब्द जुळवून घेण्याचं कसब वयाबरोबर येतं. मी पंख्यावर संगीत चढवलं, संगीतावर कुजबुज चढली, आणि ते सगळं तिच्या कानात वाढून गेलं. वर स्पीकर ज्या कपाटावर ठेवला होता ते तिच्या बाकाच्या अगदी मागे. तीन आठवडे मी मिनिटं मोजत होते, चुका मोजत होते, आणि तिच्याकडे बघितलं नाही.

आजपासून: जोडीने किंवा गटाने काम असेल तेव्हा संगीत अजिबात नाही. स्पीकर तिच्यापासून दूर, पुढच्या कोपऱ्यात. आणि लावायचं की नाही हे आधी तिला, नंतर वर्गाला विचारायचं. ते सगळ्यांसमोर विचारायचं नाही, नाहीतर नको म्हणण्याचा भार तिच्यावर पडेल. सकाळी वह्या देताना हळूच विचारायचं.

६ ऑगस्ट, बुधवार

चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्या तासाला बसू दिलं. काम नकाशा रंगवण्याचं. संगीत बासरीचं. मुलीला आधी विचारलं, ती म्हणाली रंगवताना चालेल, तेव्हा काही ऐकायचं नसतं.

हा तास वेगळाच होता. हात चालत होते, मान डुलत होती, कुजबुज होती पण कामात अडथळा नव्हता. घंटा झाली तरी कुणी उठेना. रंगवताना मनात शब्द गिरवायचे नसतात. डोळे आणि हात कामात, कान मोकळे. मग संगीताला बसायला जागा असते.

१३ ऑगस्ट, बुधवार

गणित. इथे मला आशा होती, कारण सुझन हॅलम, जॉन प्राइस आणि जॉर्जिया कात्सारू यांचं २००२ चं काम नेमकं याच वयाच्या मुलांवर आहे, १० ते १२ वर्षं. शांत, मुलांना सुखद वाटणारं संगीत असताना गणितं आणि शब्द लक्षात ठेवणं, दोन्ही बरं झालं. उत्तेजक, आक्रमक आणि अप्रिय वाटणाऱ्या संगीताने लक्षात ठेवणं बिघडलं. शिवाय दुसऱ्याला मदत करण्याबद्दल विचारलं तेव्हा मुलांची तयारीही कमी दिसली.

माझ्या वर्गात गणिताचे दोन तुकडे पडले. सरावाची उदाहरणं, ज्यांची रीत हातात बसली आहे, ती संगीतात मजेत झाली. कंटाळा कमी, जांभया कमी. शाब्दिक उदाहरणं आली की मुलं अडली. एका मुलाने स्वतःच कान झाकून घेतले. “हे वाचावं लागतं, बाई.” २०१९ मध्ये गोन्झालेझ आणि आयेलो यांनीही अवघड कामाला संगीत नडतं आणि सोप्या, कंटाळवाण्या कामाला ते साथ देऊ शकतं, असंच दाखवलं. गणित की भाषा, यापेक्षा काम हाताला बसलेलं आहे की अजून डोक्यात चाललं आहे, हा प्रश्न खरा.

२० ऑगस्ट, बुधवार

एक मुलगा आहे, त्याला स्थिर बसणं फार कठीण जातं. संगीताच्या दिवशी त्याची अर्धी जास्त पानं भरतात. हे मी पाचव्यांदा बघते आहे, तेव्हा योगायोग म्हणून सोडत नाही.

सोडरलुंड, सिकस्ट्रॉम आणि स्मार्ट यांनी २००७ मध्ये दाखवलं की अवधानाची अडचण असलेल्या मुलांचं आठवणं सपाट खरखरीच्या आवाजात सुधारलं, आणि ज्यांना अशी अडचण नाही त्यांचं त्याच आवाजात बिघडलं. या मुलाला काही नाव लावण्याचा मला अधिकार नाही, तो डॉक्टरांचा विषय. पण एकाच वर्गात एकाला हवा तो आवाज दुसऱ्याला नको, हे मी रोज बघते आहे. घरच्यांशी बोलून त्याला लेखनाच्या वेळी हेडफोनवर पावसाचा आवाज द्यायचं ठरलं. पाऊस, गाणं नाही. बाकीच्या वर्गासाठी शांतता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज चिठ्ठ्या घेतल्या, नाव न घालता. दोन प्रश्न: संगीत आवडतं का, आणि त्याने काम चांगलं होतं का. आवडतं असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं. काम चांगलं होतं असंही बहुतेकांनी लिहिलं. निबंधाच्या वह्यांत मात्र तसं काही दिसत नाही.

मुलं खोटं लिहीत नाहीत. त्यांना खरंच बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून चांगलं होतं असं वाटतं. माझंही तेच होतं, पहिल्या दिवशी लिहिलं आहे. परहॅम आणि विझार्ड यांनी २०११ मध्ये आवडतं आणि नावडतं, दोन्ही प्रकारचं संगीत लावून क्रम लक्षात ठेवायला सांगितला. शांततेच्या तुलनेत दोन्हींनी सारखंच बिघडवलं. आवडीने कान सुखावतो, हातच्याची जागा मोकळी होत नाही. केम्पफे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच अनेक अभ्यास एकत्र मांडले. सगळे मिळवले तर परिणाम जवळजवळ शून्य, पण तो शून्य वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज आहे: वाचनाला तोटा, स्मरणाला थोडा तोटा, भावनांना आणि शारीरिक हालचालीला फायदा.

काही चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. एकीत एवढंच: “शांत असतं तेव्हा मला माझं ऐकू येतं.” फर्नहॅम आणि ब्रॅडली यांनी १९९७ मध्ये अंतर्मुख माणसांना पार्श्वसंगीताचा जास्त त्रास होतो असं मांडलं होतं. ते वाचून मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं या एका ओळीने कळलं. ही मुलं हात वर करून कधीच सांगणार नाहीत.

३ सप्टेंबर, बुधवार

परीक्षा जवळ आली. स्टीव्हन स्मिथ यांचं १९८५ चं काम लक्षात ठेवून एक निर्णय घेतला. संगीत चालू असताना पाठ केलेले शब्द दोन दिवसांनी तेच संगीत असेल तर जास्त आठवतात. परीक्षेत संगीत नसणार. म्हणून पाठांतर, उजळणी, सराव परीक्षा, सगळं शांततेत. पुढे बोलायचं काही नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आजवरचं सगळं ‘इथे नको, तिथे नको’ असं झालं, म्हणून जिथे हवं ते शोधलं.

१९४० मध्ये बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी रेडिओवर संगीताचा कार्यक्रम सुरू केला, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आणि तो १९६७ पर्यंत चालला. दिवसभर नाही, अर्धा तास. म्युझॅक ही कंपनी पंधरा मिनिटं संगीत, मग पंधरा मिनिटं शांतता, असं देत असे. हेतू उत्पादनाचा होता, आणि मुलांच्या बाबतीत तो हेतू मला मान्य नाही. पण एक गोष्ट त्या लोकांना कळली होती: सतत वाजणारं कुणालाच ऐकू येत नाही.

तेव्हा सोमवारपासून संगीत कामाच्या कडेला हलवलं आहे. मधल्या सुट्टीनंतर मुलं आत येतात तेव्हा संथ बासरी चालू असते. ती संपेपर्यंत बाकावर बसायचं, वही उघडायची, तारीख घालायची. बासरी संपली की शांतता, आणि लिहायला सुरुवात. दिवसाच्या शेवटी जलद संतूर, साधारण तीन मिनिटांचं. ते संपायच्या आत कागद उचललेले, बाकं सरळ, दप्तर भरलेलं. मी एक शब्द बोलत नाही. चौथ्या दिवशीच मुलांना संतूर कुठे आलं ते कळायला लागलं, लय चढली की हात भराभर चालतात.

पहिला शब्द लिहायला लागणारा वेळ जुलैच्या निम्म्याहून कमी झाला आहे. घसाही ठीक आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्पीकरची बॅटरी संपली, चार्जर घरी राहिला. ठरवून केलेली नव्हती, पण ही चाचणी चांगली झाली. लेखनाच्या तासावर काहीच परिणाम नाही. आत येऊन बसणं मात्र रेंगाळलं, आणि शेवटची आवराआवर घंटेनंतरही चालू राहिली, मला तीनदा ओरडून सांगावं लागलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सत्र संपलं. मुलांबरोबर बसून पुढच्या सत्राचं ठरवलं. वाचन, निबंध, शाब्दिक उदाहरणं, गटकाम, उजळणी: शांतता. रंगकाम, नकाशे, कात्रणं चिकटवणं, रीत बसलेली उदाहरणं: संगीत चालेल, शब्दांशिवाय, आणि कुणाचीही हरकत असेल तर नाही. आत येणं आणि आवरणं: रोज. शुक्रवारी वीस मिनिटं नुसतं ऐकायचं, पेन बंद करून. ही शेवटची मागणी मुलांची होती, आणि मला सर्वांत जास्त आनंद तिचाच झाला.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला आज सकाळी विचारलं, संतूर ठेवू का बदलू. ती म्हणाली, ते टोचतं, वरचे सूर फार चढतात, मृदंगासारखं काहीतरी असेल तर बरं, ते बाकावर हात ठेवला की कळतं. सुट्टीत तिच्याबरोबर बसून तीन मिनिटांचे पखवाजाचे तुकडे ऐकायचे आहेत. त्यातला एक ती निवडेल. सोमवारी चार्जर शाळेतच ठेवायचा.